चालता सर्व्हर बदलावा कीं बदलूं नये?

२७ जून २०१७ रोजीं न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांत एका टर्मिनलवरचें काम एकाएकीं थंडावलें. हें टर्मिनल डेन्मार्कमधील मर्स्क या विख्यात नौवहन-संस्थेच्या समूहाकडून चालविलें जाणारें. क्रेन शाबूत होत्या, धक्क्यावर माणसें हजर होतीं, मालहि होता. परंतु कोणता कंटेनर कोठें रचला आहे आणि तो कोणत्या ट्रकवर चढवावयाचा, हें सांगणारे संगणक मुके झाले होते. या अनर्थाचें मूळ न्हावा शेव्याला नव्हतें आणि कोपनहेगनलाहि नव्हतें. तें युक्रेनची राजधानी कीव्ह येथील एका लहानशा सॉफ्टवेअर-पेढीच्या सर्व्हरमध्यें होतें. ही पेढी ‘एम. ई. डॉक’ नांवाचें हिशेबाचें सॉफ्टवेअर करीत असे, आणि युक्रेनमध्यें कर भरणाऱ्या बहुतेक व्यापाऱ्यांना तें ठेवणें भागच होतें. आक्रमकांनीं त्या पेढीचा सर्व्हर गुप्तपणें ताब्यांत घेतला आणि गिऱ्हाइकांकडे नेहमीप्रमाणें जाणाऱ्या सुधारित आवृत्तींतून विष पाठविलें. ज्यांनीं शिस्तीनें नवी आवृत्ति उतरवून घेतली, ते पहिले बळी ठरले.

परंतु गोष्ट इतकीच असती तर कारभारी मंडळींनीं तिचा सोपा धडा घेतला असता कीं, नवी आवृत्ति घेऊंच नये. आंत शिरलेला तो किडा पुढें यंत्रामागून यंत्र व्यापीत गेला, तो मात्र विंडोज सॉफ्टवेअरमधील एका छिद्रांतून. आणि तें छिद्र बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च २०१७ रोजींच, म्हणजे साडेतीन महिने अगोदर, सर्वांस उपलब्ध करून दिली होती. ज्यांनीं ती घेतली नव्हती, ते दुसरे बळी. एकाच दिवशीं, एकाच रोगानें, बदल करणारा व बदल न करणारा असे दोघेहि गारद झाले.

सर्व्हर म्हणजे घरांतल्या संगणकाचाच थोरला भाऊ. भेद इतकाच कीं, तो एकाचें काम करीत नसून हजारोंचें करतो आणि त्याला रात्रीचीहि रजा नसते. बँकेचीं खातीं, रेल्वेचें आरक्षण, रुग्णालयांतील नोंदी हें सारें अशा सर्व्हरांच्या पोटांत असतें. त्यांच्यावरचें सॉफ्टवेअर एकसंध नसतें. ती शेंकडों लहानमोठ्या पॅकेजांची मोट असते. एक पॅकेज दुसऱ्यावर विसंबलेलें, दुसरें तिसऱ्यावर. प्रत्येकाचा कर्ता निराळा आणि नवी आवृत्ति निघण्याचा मुहूर्तहि निराळा. त्यामुळें सर्व्हर सांभाळणाऱ्या कारभाऱ्यापुढें तोच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो : ही नवी आवृत्ति घ्यावी कीं नको? न घ्यावी तर चोराला ठाऊक झालेलें छिद्र उघडें राहतें. घ्यावी तर आज सुरळीत चाललेलें काम उद्यां चालेल याची हमी कोणी देत नाहीं. ‘चालत्या गाड्याला खीळ घालूं नये’ हें आपल्याकडील व्यवहारज्ञान येथें अर्धेंच उपयोगी पडतें. कारण हा गाडा भर बाजारांतून चाललेला असतो, आणि त्याच्या कुलुपाची किल्ली कशी बनवावी हें चारचौघांत जाहीर झालेलें असतें.

हा पेंच संगणकाइतकाच जुना आहे. १९४४ सालीं हार्वर्ड विद्यापीठांत चालूं झालेल्या ‘मार्क वन’ या गणकयंत्राला आज्ञा देत, त्या कागदी पट्टीवर छिद्रें पाडून. आज्ञा चुकली तर चुकीचीं छिद्रें कागदाच्या तुकड्यानें बुजवीत, किंवा पट्टीचा तेवढा भाग कापून नवा जोडीत. सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीला इंग्रजींत आजहि ‘पॅच’ म्हणजे ठिगळच म्हणतात. पट्टी गेली, कागद गेला, शब्द मात्र राहिला. ठिगळ लावतांना शेजारचें कापड उसवतें, हाहि अनुभव पुढें लौकरच आला. आय. बी. एम. कंपनीच्या ‘सिस्टिम-३६०’ या यंत्रमालेसाठीं सॉफ्टवेअर रचणाऱ्या मोठ्या पथकाचे नायक फ्रेडरिक ब्रूक्स यांनीं १९७५ सालीं ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या ग्रंथांत आपला अडाखा नमूद केला आहे : एक दोष काढतांना दुसरा नवा दोष शिरण्याचा संभव शेंकडा २० ते ५० इतका असतो. हे शब्द कोणा आळशी कारकुनाचे नव्हेत, आयुष्य त्या धंद्यांत घालविलेल्या पुरुषाचे आहेत; म्हणून बदलाला भिणाऱ्या कारभाऱ्याला केवळ सनातनी म्हणून हिणविणें न्यायाचें होणार नाहीं.

ब्रूक्स यांच्या काळीं या भीतीला मुरड घालण्याचें कारणहि नव्हतें. यंत्रें एकाकी होतीं. दोष असला तरी तो घरांतल्या घरांत राही. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं ती स्थिति पालटली. त्या दिवशीं रॉबर्ट मॉरिस नांवाच्या कॉर्नेल विद्यापीठांतील विद्यार्थ्यानें सोडलेला किडा, परस्परांशीं जोडलेल्या हजारों संगणकांत कांहीं तासांत पसरला. तो ज्या छिद्रांतून शिरला त्यांतलीं कांहीं जाणत्यांना पूर्वींच ठाऊक होतीं, पण तीं बुजविण्याची कोणास घाई वाटली नव्हती. यापुढें ‘सवडीनें पाहूं’ या उत्तराची किंमत वाढली.

या दोन भयांच्या मधून वाट काढण्याचा एक विचारी प्रयत्न १९९३ सालीं इयन मर्डॉक यांनीं आरंभिलेल्या ‘डेबियन’ या संस्थेनें केला. लिनक्सवर चालणारीं पॅकेजें जुळवून, तपासून, एकत्र देण्याचें काम ही स्वयंसेवकांची संस्था करते. तिची पद्धति अशी कीं, नवें पॅकेज प्रथम ‘अस्थिर’ शाखेंत येतें, तेथून ‘परीक्षाधीन’ शाखेंत, आणि दोनेक वर्षांनीं सर्वांची एक ‘स्थिर’ आवृत्ति जाहीर होते. एकदां स्थिर म्हटलें कीं तींतील पॅकेजांची आवृत्ति शक्यतों बदलावयाची नाहीं. मूळ कर्त्यानें नव्या आवृत्तींत एखादें छिद्र बुजविलें तर तेवढाच टांका उचलून जुन्या आवृत्तीला घालावयाचा. नवी कळा, नवी सोय, कांहीं घ्यावयाचें नाहीं. नवा सदरा न शिवतां जुन्याला नेमकें तेवढेंच ठिगळ! जगांतील असंख्य सर्व्हर या व्यवस्थेवर निश्चिंत चालले आहेत, आणि कामांतल्या सर्व्हरसाठीं याहून शहाणी तडजोड अद्याप कोणास सुचलेली दिसत नाहीं.

तथापि शिंप्याचा हातहि चुकतो. सप्टेंबर २००६ मध्यें डेबियनमधील ‘ओपन-एस. एस. एल.’ या पॅकेजांत एक लहानसा फेरफार झाला. गुप्त किल्ल्या तयार करणाऱ्या या पॅकेजाबद्दल एक तपासणी-यंत्रणा कुरकूर करीत होती. ती थांबावी म्हणून दोन ओळी निकामी केल्या गेल्या. त्यांतली एक ओळ किल्लीला यदृच्छेची जोड देणारीच निघाली. परिणामीं, जेथें अगणित प्रकारच्या किल्ल्या निघावयाच्या, तेथें एका जातीच्या यंत्रावर एका मापाच्या जेमतेम ३२ हजार प्रकारच्याच निघूं लागल्या; म्हणजे सगळ्या करून पाहणें चोराला एका दुपारचें काम. हें १३ मे २००८ रोजीं जाहीर झालें. तोंवर पावणेदोन वर्षें लोक या किल्ल्यांनीं आपापलीं दारें लावून स्वस्थ झोंपत होते. मोडलेलें नसतांना नीटनेटकेपणासाठीं हात लावल्याचा हा प्रकार. गंमत अशी कीं, ज्यांनीं त्यापूर्वींची स्थिर आवृत्ति सोडली नव्हती, त्यांच्या किल्ल्या चोख राहिल्या.

मग नवी दुरुस्ती किती दिवस थांबून घ्यावी? ‘पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा’ या न्यायानें थोडें थांबावें हें उघड. पण थोडें म्हणजे किती? २००२ सालीं फिलाडेल्फिया येथें भरलेल्या सर्व्हर-कारभाऱ्यांच्या परिषदेंत स्टीव्ह बीटी व त्यांचे सहकारी यांनीं या प्रश्नाचें गणितच मांडलें. दुरुस्ती निघाल्यावर जसजसे दिवस जातात, तसतसे तींतले दोष इतरांना बाधून उघडकीस येतात व तिच्यापासूनचा धोका उतरत जातो. उलट छिद्राची वार्ता पसरून चोरीचा धोका चढत जातो. उतरती व चढती रेघ जेथें एकमेकींस छेदतात, तो शहाणपणाचा दिवस. मागील दुरुस्त्यांच्या नोंदी तपासून त्यांनीं असे दोन मुहूर्त काढले : दहावा दिवस व तिसावा दिवस. या विषयावर पुष्कळ उपदेश झाला आहे. मोजमाप करणारे विरळा, म्हणून हा निबंध मोलाचा.

त्याला तीन महिने होण्यापूर्वींच, २५ जानेवारी २००३ रोजीं, ‘स्लॅमर’ नांवाचा किडा सुटला. त्याची संख्या आरंभीं दर साडेआठ सेकंदांनीं दुप्पट होत होती, आणि ७५ हजारांवर यंत्रें त्यानें ग्रासलीं तीं बहुतेक पहिल्या दहा मिनिटांत. दुरुस्ती जुलै २००२ पासून मिळत होती. बहुतेकांनीं ती घेतली नव्हती. खुद्द दुरुस्ती काढणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या आंतील कांहीं सर्व्हरांवरहि ती लागलेली नव्हती. वैद्याच्याच घरीं औषधाची बाटली न उघडलेली! त्याच वर्षीं ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टनें दुरुस्त्या वाटेल तेव्हां न सोडतां दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं देण्याचा नेम घालून घेतला, तो आजहि चालूं आहे. वार ठरला म्हणजे तयारीला वेळ सांपडतो. मात्र तो वार चोरांनाहि कळतो.

आतांपर्यंत प्रश्न ‘घ्यावी कीं न घ्यावी’ असा होता. १ ऑगस्ट २०१२ रोजीं अमेरिकेंतील ‘नाइट कॅपिटल’ या दलाली-संस्थेंत त्याचें तिसरेंच रूप दिसलें. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांत त्या दिवसापासून एक नवी योजना सुरू व्हावयाची होती. तिच्यासाठीं संस्थेच्या आठ सर्व्हरांवर नवें सॉफ्टवेअर चढवावयाचें होतें. सातांवर चढलें, आठवा राहून गेला, आणि दुसऱ्या कोणी तें पडताळून पाहिलें नाहीं. आठव्यावर २००३ पासून वापरांत नसलेला एक जुना कार्यक्रम अद्याप पडून होता. नव्या योजनेची खूण म्हणून जी कळ निवडली होती, तीच पूर्वीं या जुन्या कार्यक्रमाची कळ होती. बाजार उघडला, कळ दाबली गेली, आणि सात सर्व्हर नवें काम करूं लागले असतां आठव्यानें नऊ वर्षांची झोंप टाकून खरेदी-विक्रीचा सपाटा लावला. बाजार उघडण्यापूर्वीं यंत्रणेनें आपण होऊन ९७ पत्रें पाठवून कुरकूर केली होती. तीं धोक्याचीं पत्रें म्हणून कोणी वाचलींच नाहींत. गोंधळ लक्षांत आल्यावर उपाय कोणता केला? सात सर्व्हरांवरील नवें सॉफ्टवेअर काढून टाकलें! दोष नव्यांत असणार, हा नेहमींचा संशय. त्यामुळें आठहि सर्व्हर बिघडले. पाऊण तासांत ४६ कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला, आणि ती नामांकित पेढी स्वतंत्र म्हणून फार दिवस टिकली नाहीं. अर्धवट केलेला बदल, न केलेल्या बदलाहून घातक. आणि मागें फिरण्याची वाट आधीं चालून पाहिलेली नसली, तर मागें फिरणेंहि घातकच ठरतें.

जुन्याचा अभिमान बाळगणाऱ्यांना सर्वांत मोठा विजय मिळाला तो ७ एप्रिल २०१४ रोजीं. ‘हार्टब्लीड’ या नांवानें गाजलेलें छिद्र त्या दिवशीं जगापुढें आलें. तें पूर्वोक्त ओपन-एस. एस. एल. मधलेंच, परंतु या खेपेस मूळ कर्त्यांच्याच हातून झालेलें. मार्च २०१२ च्या आवृत्तींत दोन यंत्रांनीं एकमेकांची खुशाली विचारण्याची एक सोय घातली होती. विचारणाऱ्यानें मी इतकीं अक्षरें पाठवीत आहे असें खोटेंच सांगितलें, तर सर्व्हर मोजून न पाहतां आपल्या स्मृतींतून तितकीं भरून परत देई. एका वेळीं ६४ किलोबाइटांपर्यंत. त्यांत परक्यांचे परवलीचे शब्द असत, प्रसंगीं सर्व्हरची गुप्त किल्लीहि असे. नेटक्राफ्ट या संस्थेच्या मोजणीप्रमाणें सुमारें पांच लाख संकेतस्थळें या धोक्यांत सांपडलीं. ज्यांनीं जुनी ०.९.८ आवृत्ति सोडलीच नव्हती ते मात्र सुरक्षित राहिले. त्यांच्या आळसाला त्या आठवड्यांत दूरदृष्टि असें नांव मिळालें. हा विजय फसवा होता, हें सांगावयास हवें. त्याच जुन्या आवृत्तींत दुसरीं छिद्रें होतीं, आणि पुढें २०१५ च्या अखेरीस कर्त्यांनीं तिच्याकडे पाहणेंच बंद केलें. ज्याला कोणी शिंपी उरला नाहीं असें वस्त्र, तें कितीहि पक्कें असलें तरी फाटल्यावर कोणाकडे न्यावयाचें?

२०१७ या सालानें तर दहाव्या दिवसाचें गणितहि मोडलें. ‘स्ट्रट्स’ नांवाच्या पॅकेजांतील छिद्राची दुरुस्ती ७ मार्चला निघाली. अमेरिकेंतील ‘इक्विफॅक्स’ ही लोकांच्या कर्जव्यवहारांच्या नोंदी ठेवणारी संस्था. तेथें ९ मार्चला हुकूम सुटला कीं, ४८ तासांत दुरुस्ती लावावी. म्हणजे निर्णय झाला होता, तो योग्य होता आणि वेळेवरहि होता! पण तें पॅकेज नेमकें कोणकोणत्या यंत्रांवर आहे याची पुरी यादी संस्थेपाशीं नव्हती. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या एका जुन्या सर्व्हरवर तें तसेंच राहिलें. १० मार्चला आक्रमकांनीं तें हुडकलें. मे ते जुलैपर्यंत १४ कोटी ७० लाख माणसांची माहिती बाहेर गेली. त्याच मे महिन्याच्या १२ तारखेस ‘वॉनाक्राय’ या किड्यानें इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवेच्या सुमारें एक-तृतीयांश रुग्णालय-मंडळांचें काम विस्कळीत केलें. तेथेंहि दुरुस्ती दोन महिन्यांपूर्वींची, आणि ती लावण्याविषयींच्या सूचना मार्च-एप्रिलमध्यें गेलेल्या. मात्र रुग्णालयांतील तपासणी-यंत्रांच्या पोटांत जें विंडोज असतें, तें निर्मात्याच्या संमतीवांचून बदलतां येत नाहीं. रोग्याच्या छातीवर टेकलेलें यंत्र दुरुस्तीनंतर चुकीचा आंकडा दाखवूं लागलें तर जबाबदारी कोणाची? हा प्रश्न टाळाटाळीचा नाहीं.

न्हावा शेव्याला स्पर्श करून गेलेली जूनची आपत्ति यानंतर दीड महिन्यानें आली. मर्स्कला ४ हजार सर्व्हर व ४५ हजार संगणक नव्यानें उभारावे लागले. तें काम दहा दिवसांत झालें. पण तें होऊं शकलें त्यास एक योगायोग कारण झाला. कोण कर्मचारी, कोणाला कशाची मुभा, याची जगभरची वही जपणारे सुमारें दीडशें सर्व्हर होते. ते एकमेकांची प्रत ठेवीत, म्हणून निराळी प्रत जपावी असें कोणास वाटलें नव्हतें. आणि ते सारे एकाच फटक्यांत पुसले गेले. उरला एक. पश्चिम आफ्रिकेंतील घाना देशांत त्या वेळीं वीज गेली होती, म्हणून तेथला सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला होता. त्याची तबकडी घेऊन एक माणूस विमानानें नायजेरियास गेला; तेथें ती दुसऱ्याच्या हातीं दिली, आणि त्यानें ती लंडनला पोंचविली. त्या एका प्रतीवरून सारा संसार पुन्हा मांडला गेला. तोटा २५ ते ३० कोटी डॉलरांचा झाला.

अलीकडील दोन प्रसंग २०२४ सालचे. २९ मार्चला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या ध्यानांत आलें कीं, दूरच्या यंत्रांत प्रवेश घेतांना नेहमींपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो आहे. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढतां काढतां तो ‘एक्स-झेड’ या दाबून सांठविण्याच्या पॅकेजाशीं जाऊन पोंचला. टोपणनांवाच्या कोणा गृहस्थानें दोन वर्षांवर विश्वासूपणें सेवा करून त्या पॅकेजाची व्यवस्था आपल्याकडे घेतली होती, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्तींत चोरदार बसविलें होतें. तें विष डेबियनच्या अस्थिर व परीक्षाधीन शाखांत पोंचलें होतें. स्थिर शाखेंत अजून ५.४.१ हीच आवृत्ति होती. दोन वर्षांची ती कंटाळवाणी उमेदवारी येथें कामाला आली.

दुसरा प्रसंग १९ जुलैचा. ‘क्राउडस्ट्राइक’ ही कंपनी संगणकांवर पहारा ठेवणारें सॉफ्टवेअर पुरविते. शहाण्या कारभाऱ्यांनीं, कंपनीनेंच दिलेल्या सोयीप्रमाणें, आपल्या यंत्रांवर त्या सॉफ्टवेअरची एक आवृत्ति मागें राहण्याचें ठरविलें होतें. पण नव्या चोरांचीं लक्षणें सांगणारी एक लहानशी फाइल त्या नियमाच्या बाहेर होती. ती सर्वांकडे एकदम जात असे. त्या दिवशीं सदोष फाइल गेली. ती ७८ मिनिटांत मागें घेतली, तोंवर ८५ लाख विंडोज यंत्रें बंद पडलीं होतीं. भारतांतील विमानतळांवर प्रवाशांना हातानें लिहिलेले प्रवेशपत्र देण्याची पाळी आली. थांबण्याचा निर्णय ज्यांनीं विचारपूर्वक घेतला होता त्यांनाहि तो उपयोगी पडला नाहीं, कारण तो निर्णय त्यांच्या हातांत पुरता नव्हताच. ऑगस्ट २०२४ मध्यें कंपनीनें आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतील अनेक सुधारणांपैकीं एक अशी कीं, अशा फाइली यापुढें टप्प्याटप्प्यानें पाठविल्या जातील, आणि त्या केव्हां घ्यावयाच्या हें ठरविण्याची मुभा गिऱ्हाइकांना राहील.